ब्रश टिकवायचा तर त्याचा गळा सांभाळा

गेल्या उन्हाळ्यात मी एक निकामी झालेला ब्रश फोडून पाहिला. बारा नंबरचा फ्लॅट, म्हणजे चपट्या टोकाचा, सोनेरी सिंथेटिक केसांचा, तीन वर्षं फक्त अ‍ॅक्रिलिक रंगांसाठी वापरलेला. केस झाडूसारखे फाकले होते, सरळ कड काढता येत नव्हती, म्हणून तो टाकायच्या वस्तूंमध्ये पडला होता. केस जिच्यात घट्ट धरलेले असतात ती धातूची नळी मी पकडीने उकलली आणि पत्रा सोलून बाजूला केला. आत चिंचोक्याएवढा, चिंचोक्यासारखाच चपटा आणि टणक खडा निघाला. पात्याने त्याचा काप घेतला तेव्हा थर दिसले. वर निळा, त्याखाली गेरू, मग पांढरा, पुन्हा निळा. तीन वर्षांत जी चित्रं केली त्या प्रत्येकाचा थोडाथोडा रंग तिथे शिरून दगड झाला होता. मग केस भिंगाखाली धरले. टोकं अजून बारीक होती, केस कुठेही झिजलेले नव्हते. ब्रशचे केस अजून कितीतरी वर्षं चालले असते. त्यांना मुळाशी त्या खड्याने रेटून बाहेर ढकललं होतं, एवढंच.

मी चित्रकला शिकवते, त्यामुळे "बाई, ब्रशचं टोक गेलं, नवा घेऊ का?" हे वाक्य दर आठवड्याला ऐकते. मुलं टोक दाखवतात. मी बोट ठेवते ते पत्र्याच्या तोंडाशी, जिथे केस आत शिरतात तिथे. दहापैकी आठ ब्रश तिथेच बिघडलेले असतात. या लेखात मी जे सांगणार आहे ते सगळं त्या अर्ध्या सेंटिमीटरच्या जागेभोवती फिरतं, म्हणून आधी ती जागा नीट ओळखून घेऊ.

ब्रशचे तीन भाग. लाकडाची किंवा प्लॅस्टिकची दांडी, केसांचा झुपका आणि दोघांना जोडणारी धातूची नळी. या नळीला फेरूल म्हणतात. चांगल्या ब्रशची फेरूल निकेलचा मुलामा दिलेल्या पितळेची असते, स्वस्तातली अ‍ॅल्युमिनियमची किंवा पत्र्याची. केसांची मुळं फेरूलच्या आत गोंदात, बहुतेक वेळा इपॉक्सीत, रोवलेली असतात. पण गोंद फेरूलच्या तोंडापर्यंत येत नाही. गोंद संपतो तिथपासून नळीचं तोंड येईपर्यंत केस नुसते एकमेकांना खेटून उभे असतात आणि त्यांच्यामध्ये बारीक फटी असतात. हा ब्रशचा गळा. तुम्ही ब्रश रंगात बुडवता तेव्हा दिव्याच्या वातीत तेल चढतं तसा रंग या फटींतून वर चढतो. तुम्ही टोक धुता, बाहेरचा रंग जातो, गळ्यातला तसाच राहतो. दुसऱ्या दिवशी त्यावर नवा थर बसतो.

केस कशाचे आहेत

सिंथेटिक म्हणजे नेमकं काय, हे कळलं की त्याची काळजी कशी घ्यायची हे पाठ करावं लागत नाही. हे केस नायलॉनचे किंवा पॉलिस्टरचे असतात, पुष्कळदा दोघांचं मिश्रण. पाकिटावर 'टॅक्लॉन' लिहिलेलं असलं तरी तो याच जातीच्या मऊ, बारीक टोकाच्या धाग्यांना पडलेला बाजारातला शब्द आहे. नायलॉनचा शोध १९३५ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या हाताखाली लागला. नायलॉन म्हटलं की आपल्याला साड्या आणि मोजे आठवतात, पण त्याची बाजारात आलेली पहिली वस्तू ब्रशच होती. १९३८ साली नायलॉनच्या केसांचा टूथब्रश विक्रीला आला. तोवर दात घासायचे ब्रश डुकराच्या राठ केसांचे असत.

चित्रकारांच्या ब्रशचा प्रवास याच वाटेने झाला, फक्त जरा सावकाश. आपल्याकडे त्याला आणखी एक कारण आहे आणि ते प्रत्येक चित्रकाराला माहीत असायला हवं. भारतात बारीक कामाचे कितीतरी ब्रश मुंगसाच्या केसांपासून बनत. केस लवचिक, टोक पकडणारे, पाणी धरणारे. पण एका मुंगसाच्या अंगावर ब्रशला चालतील असे केस थोडेच असतात, आणि ते जिवंत मुंगसाचे कापून घेत नाहीत, मुंगूस मारून घेतात. मुंगूस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. त्याच्या केसांचा ब्रश बनवणं, विकणं हा गुन्हा आहे. तरी व्यापार चालू राहिला. २०१९ साली 'ऑपरेशन क्लीन आर्ट' नावाने देशभर छापे पडले. उत्तर प्रदेशात बिजनौर जिल्ह्यातलं शेरकोट हे ब्रश बनवणाऱ्यांचं मोठं गाव, तेही त्यात होतं. दुकानदाराने 'स्पेशल केस' म्हणून तपकिरी-करड्या पट्ट्यांचा ब्रश पुढे केला तर घेऊ नका. आजचे सिंथेटिक ब्रश इतके सुधारले आहेत की तो घ्यायचं कारणच उरलेलं नाही.

प्राण्याच्या केसावर खवल्यांसारखा थर असतो. त्या खवल्यांत पाणी आणि रंग अडकून राहतो, म्हणून तो ब्रश जास्त पाणी धरतो. सिंथेटिक केस मुळात गुळगुळीत असतो. रंग त्याच्या अंगाला फारसा चिकटत नाही, केसांच्या मधल्या जागेत राहतो. याचा तोटा असा की वॉश देताना, म्हणजे पातळ रंग कागदावर सलग पसरवताना, तो पाणी लवकर सोडतो. फायदा असा की धुताना रंग सुटतो लवकर. अ‍ॅक्रिलिक रंग थोडा अल्कधर्मी असतो. प्राण्याच्या केसांना तो हळूहळू खातो, नायलॉनला काही करत नाही. प्राण्याच्या केसांना कसर लागते, सिंथेटिकला लागत नाही, म्हणजे डांबराच्या गोळ्याही नकोत. त्याला केसांचं कंडिशनर लावायचीही गरज नाही. कंडिशनर खऱ्या केसांच्या खवल्यांसाठी असतं, नायलॉनवर त्याचा नुसता चिकट थर बसतो.

दोन गोष्टींत मात्र सिंथेटिक नाजूक आहे. पहिली, नायलॉन पाणी पितो. प्रकारानुसार स्वतःच्या वजनाच्या ३ ते ९ टक्क्यांपर्यंत पाणी त्याच्यात मुरतं आणि तो मऊ पडतो. पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याच्या आसपासच पितो. म्हणून नायलॉनचा ब्रश रात्रभर पाण्याच्या भांड्यात टोकावर उभा राहिला की दांडीच्या वजनाने वाकतो आणि तसाच वाळतो. दुसरी, हे सगळे धागे उष्णतेने आकार बदलतात. पॉलिस्टरच्या कापडाला गरम दाबाने पाडलेली चुणी धुतली तरी जात नाही ना, तोच गुण ब्रशच्या केसांतही आहे. तो कधी घात करतो आणि कधी कामाला येतो, ते पुढे सांगते.

रंग वाळतो म्हणजे काय होतं

ब्रश कसा धुवायचा हे रंगावर ठरतं, कारण प्रत्येक रंगाचं 'वाळणं' वेगळं आहे.

वॉटरकलरमध्ये रंगद्रव्य डिंकात कालवलेलं असतं. डिंक पाण्यात विरघळतो, वाळतो, पुन्हा पाणी लागलं की पुन्हा विरघळतो. म्हणून वॉटरकलरचा विसरलेला ब्रश दुसऱ्या दिवशीही पाण्यात सुटतो. पोस्टर कलरचंही साधारण तसंच, फक्त त्यात खडूसारखी पांढरी भर जास्त असते आणि ती गाळासारखी गळ्यात बसते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणारी मुलं वर्षभर पोस्टर कलर वापरतात. त्यांच्या ब्रशच्या गळ्यातून दाबल्यावर दुधाळ पाणी येतं ते या भरीचं.

अ‍ॅक्रिलिकचं प्रकरण निराळं आहे. ट्यूबमधला अ‍ॅक्रिलिक म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म थेंब, केसाच्या जाडीपेक्षा काहीशे पट लहान. ते पाण्यात विरघळलेले नसतात, नुसते पसरलेले असतात, दुधात स्निग्धांश असतो तसे. पाणी उडून गेलं की हे थेंब एकमेकांना भिडतात, दबतात आणि मिसळून त्यांचा सलग पापुद्रा होतो. एकदा पापुद्रा झाला की तो उलटत नाही. वाळलेल्या अ‍ॅक्रिलिकवर बादलीभर पाणी ओतलं तरी थेंब पुन्हा सुटे होणार नाहीत. घराच्या भिंतींना लावतात त्या इमल्शन पेंटमध्येही हेच घडतं, म्हणून तर पावसात भिंतीचा रंग वाहून जात नाही. जो गुण भिंतीवर आपल्याला हवा असतो तोच ब्रशच्या गळ्यात झाला की ब्रश गेला. मे महिन्यात पंखा लावून बसलात तर हातातल्या ब्रशवर हे काही मिनिटांत सुरू होतं. आणि कोमट पाण्याने लवकर निघेल म्हणून कोणी गरम पाणी घेतं, तर ते थेंब आणखी लवकर एकमेकांना चिकटतात. अ‍ॅक्रिलिकचा ब्रश नेहमी गार पाण्याने धुवा.

तैलरंगात जवसाचं तेल असतं. त्यात पाणी नसतंच, त्यामुळे उडून जायलाही काही नसतं. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं, दिवसेंदिवस. म्हणजे तैलरंग धुवायला तुमच्या हाती तास असतात, पण एकदा तेल आवळलं की ते सोडवणं अ‍ॅक्रिलिकइतकंच कठीण. या तिन्हीपैकी कशासाठी कोणता ब्रश ते एकदा ठरवा आणि बदलू नका. दांडीवर कायमच्या मार्करने 'अ', 'तै', 'पा' लिहिलं तरी पुरे. तैलरंगाचा अंश राहिलेला ब्रश वॉटरकलरला घेतला तर कागदावर तेलकट डाग उमटतात, आणि ते निघत नाहीत.

धुणं सुरू होतं रंगवण्याआधी

कोरडा ब्रश थेट रंगात बुडवू नका. आधी साध्या पाण्यात भिजवा, मग फडक्यावर टिपून घ्या. गळ्यातल्या फटी पाण्याने भरलेल्या असल्या की रंगाला वर चढायला जागा कमी राहते. दुसरं, रंग केसांच्या निम्म्या लांबीपर्यंतच घ्या, शक्य तर तिसऱ्या हिश्शापर्यंत. रंग कालवायला पॅलेट नाइफ घ्या. ब्रशने कालवताना आपण तो पॅलेटवर दाबून गोल फिरवतो आणि रंग थेट गळ्यात भरतो. माझ्या मते ब्रशची सगळ्यात जास्त नासधूस कालवताना होते, धुण्यात नव्हे. मध्येच फोन आला, कोणी दारात आलं, तर ब्रश पाण्यात आडवा ठेवा. एखाद्या पसरट ताटलीत बोटभर पाणी घेऊन त्यात केस बुडतील आणि दांडी काठावर टेकेल असा. उभा पेल्यात ठेवू नका. स्मरणचित्राच्या घाईत मुलं तीन-तीन ब्रश पेल्यात उभे टाकतात आणि तासाभरात तिन्हींची टोकं एका बाजूला मान टाकतात.

आता प्रत्यक्ष धुणं. हे मी सावकाश सांगते, कारण बहुतेक जण इथे अर्ध्यावर थांबतात.

काम संपलं की पाण्याकडे जाण्याआधी फडकं घ्या, जुन्या सुती साडीचं असेल तर उत्तम. ब्रशचे केस फडक्याच्या घडीत धरा आणि गळ्यापासून टोकाकडे चिमटीने दाबत ओढा. चार-पाच वेळा. जेवढा रंग फडक्यात जाईल तेवढा पाण्यात जाणार नाही, आणि पुढचं काम निम्मं होईल. मग पहिल्या भांड्यात खळबळून घ्या. भांड्याच्या तळाशी चहाची जुनी गाळणी पालथी ठेवली तर केस तिच्या जाळीवर हलके घासता येतात आणि सुटलेला रंग खाली बसतो. दुसऱ्या भांड्यात स्वच्छ पाणी, तिथे आणखी एकदा.

इथवर सगळेच येतात. ब्रश स्वच्छ दिसतो. आता तळहातावर साबणाचा थेंब घ्या आणि त्यात ब्रश हलक्या हाताने गोल गोल फिरवा. फेस येईल. फेसाला रंग आहे का पाहा. मग डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने केस अगदी पत्र्याच्या तोंडाशी धरा आणि किंचित मागेपुढे चोळा, लसणाची पाकळी सोलायच्या आधी चोळतो तसे. आता गळ्यातून रंग बाहेर यायला लागेल. जो ब्रश तुम्हाला स्वच्छ वाटला होता त्यातून गडद निळी धार तळहातावर उतरताना दिसली की पुन्हा कधी या पायरीवाचून थांबणार नाही. धुवा, पुन्हा साबण, पुन्हा चोळा. फेस पांढरा येईपर्यंत. अ‍ॅक्रिलिकच्या मोठ्या फ्लॅटला मला चार-पाच वेळा लागतात, वॉटरकलरच्या राउंडला, म्हणजे गोल ब्रशला, दोन पुरतात. नळाची धार ब्रशवर घेताना टोक खाली ठेवा, म्हणजे पाणी गळ्याकडून टोकाकडे वाहील. धार टोकावरून घेतली तर सुटलेला रंग परत आत ढकलला जातो.

एक शंका हमखास विचारली जाते. पांढऱ्या केसांचा ब्रश धुऊनही निळसर-हिरवट दिसतो, तो अस्वच्छ आहे का? नाही. थॅलो ब्लू, थॅलो ग्रीन, प्रशियन ब्लू या रंगांचा डाग नायलॉनला बसतो आणि राहतो. पाणी स्वच्छ येत असेल आणि वाळल्यावर केस बोटाने सुटे होत असतील तर ब्रश स्वच्छ आहे. डाग घालवायला ब्लीच वापरू नका, ते नायलॉनला कमजोर करतं. नळ तुंबला की टाकतात तो कॉस्टिक सोडा तर लांबच ठेवा. पॉलिस्टरच्या केसांची टोकं निमुळती करण्यासाठी कारखान्यात ते तीव्र कॉस्टिकच्या द्रावणातच बुडवतात. तिथे ते मोजून होतं. तुमच्याकडे टोकासकट केसच विरघळेल.

साबण कोणता? महागडा ब्रश-सोप चांगलाच असतो, पण तो नसला तरी अडत नाही. साधा शाम्पू किंवा भांडी घासायचं पातळ लिक्विड पुरतं. भांड्यांची वडी घेऊ नका. तिच्यात घासायला घातलेली खनिजाची भुकटी असते आणि ती गळ्यात जाऊन बसते. ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे त्यांनी अंगाचा साबणही टाळावा. जड पाण्यातला कॅल्शियम साबणाशी जुळून पांढरा, न विरघळणारा साका तयार होतो, बादलीच्या कडेला बसतो तसा. तो केसांवर बसला की ब्रश वाळल्यावर राठ लागतो आणि माणसाला वाटतं केसच खराब झाले. शाम्पू आणि लिक्विड जड पाण्यातही असा साका धरत नाहीत. शेवटचं खळबळणं प्यायच्या पाण्याच्या एका वाटीत केलंत तर उत्तम.

धुऊन झाल्यावर ब्रश एकदा झटका, टोक बोटांनी नीट करा आणि टेबलाच्या कडेला आडवा ठेवा, केस हवेत राहतील असा. टोक ओठांनी कधीही करू नका. वॉटरकलर करणाऱ्यांत ही सवय जुनी आहे, चांगल्या चांगल्या लोकांना असते. कॅडमियम, कोबाल्टसारखे धातू अजूनही रंगांत असतात. अमेरिकेत १९१७ पासून पुढे काही वर्षं घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग लावणाऱ्या तरुण मुलींना ब्रशचं टोक ओठांनी करायला शिकवलं जायचं. त्यातल्या कितीतरी जणींचे जबडे सडले, कित्येक दगावल्या. आपल्या रंगात रेडियम नाही, पण ब्रशवर जे असतं ते जिभेवर येतं हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे.

ओला ब्रश पेल्यात केस वर करून उभा ठेवला तर पाणी फेरूलमध्ये उतरतं. लाकडी दांडीचं टोक तिथेच असतं. ते फुगतं, वाळल्यावर आक्रसतं, असं दहा-वीस वेळा झालं की दांडी डुगडुगू लागते आणि तिच्यावरचा रंग पापुद्र्यांनी निघतो. पूर्ण वाळल्यावर मात्र उभा ठेवायला हरकत नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात वाळायला दोन दिवसही लागतात. तेवढा धीर धरावा. ओलसर ब्रश झिपच्या पिशवीत बंद केला तर सिंथेटिक केसांना काही होत नाही, पण लाकडी दांडीला बुरशी येते. बांबूच्या काड्यांची गुंडाळी मिळते, तिच्यातून हवा खेळते, ती घ्यावी. नव्या ब्रशवर येते ती प्लॅस्टिकची टोपी वाहतुकीपुरती असते. ती परत चढवताना एखाददुसरा केस दुमडतो आणि तसाच अडकतो. मी ती पहिल्याच दिवशी काढून टाकते.

तैलरंगाचा ब्रश

तैलरंगाचा ब्रश आधी फडक्याने, मग तेलाने पुसावा, टर्पेंटाइनची पाळी त्यानंतर. करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल वाटीत घेऊन ब्रश त्यात खळबळला की बराचसा रंग सुटतो आणि टर्पेंटाइनची वाफ नाकात जात नाही. त्यानंतर साबणाची ती तळहातावरची पायरी, तीन-चार वेळा, कारण खायचं तेल ब्रशात राहिलं तर पुढच्या चित्राचा रंग वाळत नाही. टर्पेंटाइन वापरलंच तर ते बेसिनमध्ये ओतू नका. झाकणाच्या बाटलीत ठेवा. दोन-तीन दिवसांत गाळ खाली बसतो, वरचं नितळ टर्पेंटाइन पुन्हा चालतं. थिनर नको. त्याने दांडीचं वॉर्निश जातं आणि फेरूलमधला गोंदही सैल पडू शकतो.

आणि जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे मी कळकळीने सांगते. तेल प्राणवायू घेताना ऊब सोडतं. फडकं पसरलेलं असेल तर ऊब उडून जाते, बोळा असेल तर आत साठत जाते आणि फडकं ठिणगीवाचून पेट घेतं. फडकी बाहेर, एकेक सुटी, दोरीवर वाळत घाला.

वाळून कडक झालेला ब्रश

अ‍ॅक्रिलिक पाण्यात सुटत नाही पण अल्कोहोलमध्ये मऊ पडतो. औषधाच्या दुकानात मिळतं ते सर्जिकल स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल एका लहान बाटलीच्या झाकणात घ्या, फक्त केस आणि फेरूलचं तोंड बुडेल इतकं. करोनाच्या दिवसांतलं सॅनिटायझर घरात उरलं असेल तर तेही चालतं. अर्ध्या तासाने ब्रश काढा आणि जुन्या टूथब्रशने गळ्यापासून टोकाकडे विंचरा. रंग चिकट दोरीसारखा निघू लागेल. पुन्हा बुडवा, पुन्हा विंचरा. घाई करून ओढाल तर केस मुळातून निघतील. शेवटी साबणाने धुवा. दांडीला स्पिरिट लागू देऊ नका, पारदर्शक प्लॅस्टिकच्या दांडीला तर मुळीच नाही, तिला बारीक तडे जातात. खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास गॅस, उदबत्ती, देवासमोरचा दिवा पेटता नको. नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन याहून जोरकस आहे, पण मी ते शेवटचा उपाय म्हणूनच वापरते. वॉटरप्रूफ काळ्या शाईत बहुतेकदा लाख असते. तीही वाळल्यावर स्पिरिटलाच दाद देते.

रंग निघाला, पण केस वाकडेच राहिले, तर आता त्या उष्णतेच्या गुणाकडे वळू. चहा गाळल्यावर लगेच तोंडाला लावता येत नाही, तितकं गरम पाणी कपात घ्या. स्वच्छ धुतलेल्या ब्रशचे फक्त केस त्यात अर्धा मिनिट धरा, फेरूल पाण्याबाहेर. बाहेर काढून बोटांनी आकार द्या आणि तसंच धरून गार पाण्यात बुडवा. उष्णतेने सैल झालेला धागा नव्या आकारात गार होतो आणि तो आकार धरून ठेवतो. दोन-तीन वेळा करावं लागेल. मग साबणाचा घट्ट फेस लावून टोक वळा आणि साबण तसाच वाळू द्या, दोन दिवस. वापरण्याआधी धुवा. ब्रश नुसता वाकलेला असेल तर बहुतेक वेळा वाचतो. गळ्यात खडा झालेला असेल तर गरम पाण्याने काही होत नाही, कारण केस सरळच आहेत, त्यांना आतून रेटा आहे.

धुतल्यावर जे रंगीत पाणी उरतं त्याबद्दल थोडं. अ‍ॅक्रिलिकचं पाणी म्हणजे पाण्यात प्लॅस्टिक. मी ते आठवडाभर बादलीत साठवते आणि आमच्या आजीने पावसाळ्यातलं गढूळ पाणी निवळायला जे वापरलं तेच वापरते. तुरटी. थोडी तुरटी पाण्यात विरघळवून बादलीत ओतायची, ढवळायचं, मग पानाला लावतात तो चुना बोटभर, पाण्यात कालवून. रंगाचे कण गोळा होऊन चोथ्यासारखे खाली बसतात. शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्रांतही गाळ काढायला हेच तत्त्व वापरतात. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी जुन्या कापडातून गाळून बेसिनमध्ये जातं. कापडावर उरलेला चिखल उन्हात वाळवला की त्याची खपली होते, ती सुक्या कचऱ्यात टाकते.

सुरुवातीला फोडलेल्या त्या ब्रशची जोडी माझ्याकडे अजून आहे, त्याच दिवशी घेतलेली, त्याच नंबरची. त्याचा गळाही बराच भरला आहे. स्पिरिटने थोडा मोकळा झाला, पुरता नाही. त्याने आता सरळ कड येत नाही. पण फाकलेले केस कात्रीने वेडेवाकडे छाटले आणि कोरड्या रंगात टेकवून कागदावर टोचले की बाभळीची विरळ पालवी एका टोचणीत उमटते, नव्या ब्रशला जी कधीच जमत नाही. दांडीवर 'झाडं' असं लिहून तो मी वेगळ्या पेल्यात ठेवला आहे.